कडकनाथची अंडी वाढवायची तर निवड कोंबड्यापासून

इंदूरच्या आसपास, राऊ-महूपासून सांवेर-देपालपूरपर्यंत, परसात किंवा शेतावर कडकनाथ पाळणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते: अंडी फार कमी. तक्रार खरी आहे. कडकनाथ कोंबडी वर्षाला ८० ते १०० च्या आसपास अंडी देते आणि अंडे जेमतेम ४५ ग्रॅम भरते. मग लोक खाद्य बदलतात, टॉनिक पाजतात, दिवा लावतात. त्याने फरक पडतो, पण त्या कोंबडीपुरता. तिच्या लेकींच्या वाट्याला त्यातले काही येत नाही. झाबुआ-अलीराजपूरच्या भिल्ल-भिलाला वस्त्यांत ही जात काळ्या मांसासाठी आणि देवाच्या मानासाठी जपली गेली. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळाले तेही मांसासाठीच. अंडी मोजून पुढची पिढी निवडण्याचे काम या जातीत फारसे झालेले नाही, म्हणून सुधारणेला जागा भरपूर आहे.

ज्यांना फक्त अंडी हवीत, जातीशी देणेघेणे नाही, त्यांनी हा खटाटोप करू नये. जबलपूरच्या पशुचिकित्सा विद्यापीठाने कडकनाथ आणि जबलपूर कलर या दोन वाणांच्या संकरातून काढलेली नर्मदानिधी किंवा हैदराबादची ग्रामप्रिया घ्यावी. बीव्ही ३०० सारखी पांढरी लेअर, म्हणजे खास अंड्यांसाठीची कोंबडी, वर्षाला तीनशेच्या घरात जाते खरी, पण तिच्यापासून पुढची पिढी काढून तो आकडा टिकत नाही. असे व्यापारी पक्षी वेगवेगळ्या शुद्ध वंशांच्या ठरावीक संकरातून तयार होतात आणि पुढच्याच पिढीत ते मिश्रण विस्कटते. कडकनाथवर लेगहॉर्न या जास्त अंड्यांच्या जातीचा कोंबडा सोडला तर अंडी वाढतील, पण कातडीचा काळेपणा जाईल आणि भावही.

किती वाढ होईल, याचा हिशेब

एकाच कळपात, एकाच खाद्यावर एक कोंबडी दुसरीच्या दुप्पट अंडी देते. या फरकातला सगळा भाग रक्तातला नसतो. अंड्यांच्या संख्येत वारशाचा वाटा १० ते ३० टक्के धरतात; आपण २० धरू. अंड्याच्या वजनात तो याच्या दुपटीच्या आसपास असतो, म्हणून वजन लवकर सुधारते आणि संख्या हळूहळू.

समजा, वयाच्या ४० आठवड्यांपर्यंत कळपाची सरासरी ४० अंडी आहे आणि निवडलेल्या कोंबड्यांची ५६. फरक १६ चा. त्याचे २० टक्के म्हणजे ३.२, आणि आईकडून अर्धेच उतरते म्हणून लेकींत वाढ १.६ अंड्यांची. कोंबडा कुठलाही सोडला असेल तर एवढ्यावरच भागते. आता कोंबडा अशा आईचा घ्या जिने सरासरीपेक्षा २० अंडी जास्त दिली. तिच्या २० चे २० टक्के ४, त्यातले अर्धे मुलाकडे २, त्यातले अर्धे नातींकडे १. एकूण वाढ २.६ झाली. त्याचा बापही निवडक असेल तर आणखी. कोंबडा स्वतः अंडे घालत नाही, म्हणून त्याला तुरा, पिसे आणि रुबाब बघून ठेवले जाते, आणि दरवर्षीची निम्मी कमाई तिथेच बुडते.

दुसरेही कारण आहे. पक्ष्यांत माद्यांना नर-मादी ठरवणारे झेड गुणसूत्र एकच असते आणि ते बापाकडून येते. आईचे झेड मुलाकडे जाते, आणि मुलामार्फत नातीकडे. म्हणजे उत्तम कोंबडीच्या वारशातला हा भाग तिच्या लेकींत दिसणारच नाही; तिचा मुलगा राखला तरच तो कळपात राहील.

तीन घरे

सुरुवातीला ३० तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आणि ६ नर पुरतात. पक्षी दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून घ्या. झाबुआचे कृषी विज्ञान केंद्र आणि तिथले सरकारी कुक्कुटपालन केंद्र ही पहिली दारे. चोच, जीभ, तुरा, पाय, नखे आणि पिसाखालची कातडी काळी किंवा गडद हवी. पिसांत जेट ब्लॅक, पेन्सिल्ड आणि गोल्डन असे तिन्ही प्रकार चालतात. अंडे मात्र फिकट बदामी किंवा मलई रंगाचेच असते. काळे अंडे म्हणून कुणी दाखवले तर तिथून पक्षी घेऊ नका.

कळपाची तीन घरे पाडा. प्रत्येकात १० तलंगा, एक कोंबडा आणि बाजूला राखीव एक. पहिल्या घरच्या पक्ष्यांच्या पायात पिवळी, दुसऱ्याच्या निळी, तिसऱ्याच्या लाल कडी, तीवर नंबर. नियम एकच: लेकी आईच्याच घरात राहतात आणि मुलगे पुढच्या घरी जातात. पिवळ्याचे निळ्यात, निळ्याचे लालमध्ये, लालचे पिवळ्यात. क्रम कधी उलटा करायचा नाही.

एकच कोंबडा आणि १५ कोंबड्यांवर वंश चालवला तर दर पिढीला रक्तसंबंध सुमारे १३ टक्क्यांनी वाढतो. तीन कोंबडे आणि त्याच १५ कोंबड्या ठेवल्या तर ५ टक्क्यांच्या आसपास, आणि फिरतीमुळे त्याचा परिणाम उशिरा दिसतो. रक्तसंबंध वाढला की आधी अंडी उबवणीत मरू लागतात, मग पिल्ले कमजोर निघतात आणि शेवटी निवडीने कमावलेली अंडीही जातात. परसातले बहुतेक कळप तिसऱ्या-चौथ्या वर्षी इथेच बसतात आणि दोष खाद्याला दिला जातो.

नोंद: कुठले अंडे कुणाचे

सगळी मदार यावर आहे, म्हणून सापळापेटीचा खर्च टाळू नका. साध्या प्लायवूडची पेटी करा: ३० सेंमी रुंद, ३५ उंच, ४५ खोल. समोरचे दार वरच्या कडेला बिजागरीने आत उघडणारे. ते सायकलच्या वाकवलेल्या तारेवर अर्धे उचलून टेकवायचे. कोंबडी आत शिरताना पाठीने दार किंचित उचलते, तार निसटते आणि दार मागे बंद होते. दाराखाली चार बोटे फट हवी, हवा खेळायला. १० कोंबड्यांना तीन पेट्या लागतात. कमी ठेवल्या तर कोंबड्या जमिनीवरच्या भुशाच्या गादीवर अंडी घालतात आणि ती बेवारस होतात. तलंगांना अंड्यावर येण्याच्या पंधरा दिवस आधी पेट्या दार न पाडता नुसत्या उघड्या ठेवून द्या, म्हणजे भीती मोडते.

सकाळी सात ते दुपारी दोनपर्यंत तासातासाने फेरी मारायची. अंड्यावर पेन्सिलने कडीचा नंबर आणि तारीख लिहायची, कोंबडी सोडायची, दार परत लावायचे. रोज जमत नसेल तर आठवड्याचे ठरलेले तीन दिवस घ्या आणि सर्व कोंबड्यांसाठी तेच पाळा. बेरीज अचूक येत नाही, पण कोण पुढे आणि कोण मागे हे बऱ्यापैकी कळते. पेटी नसेल तर आणखी एक उपाय आहे: संध्याकाळी कापसाच्या काडीने अंडे येण्याच्या जागेच्या आतल्या कडेला मिठाईचा खायचा रंग लावायचा. सकाळच्या अंड्यावर त्याचा ओघळ उमटतो. एका वेळी तीन रंगांनी तीन कोंबड्या तपासता येतात.

वहीत एका कोंबडीला एक पान. जन्मतारीख, आईचा नंबर, बाप कुठल्या घरचा, पहिल्या अंड्याची तारीख, रोजची खूण, खुडूक बसल्याचे दिवस, आणि ३८व्या ते ४०व्या आठवड्यातल्या पाच अंड्यांचे वजन. नोंद वयाच्या २८० दिवसांपर्यंत म्हणजे ४० आठवडे ठेवली की पुरे. वर्षभर थांबायची गरज नाही, कारण या काळात पुढे असलेली कोंबडी सहसा वर्षाअखेरही पुढेच असते.

नुसती बेरीज बघू नका, खुणांची रांग बघा. एक अंडे तयार व्हायला चोवीस तासांहून थोडा जास्त, साधारण २५-२६ तास वेळ लागतो. म्हणून कोंबडी रोज थोडी उशिरा अंडे घालते, दुपार गाठली की एक दिवस खाडा आणि पुन्हा सकाळपासून सुरू. दोन अंडी आणि खाडा, दोन अंडी आणि खाडा अशी रांग असलेली कोंबडी आणि पाच-सहा अंड्यांनंतर एक खाडा करणारी कोंबडी यांत दुसरी मोलाची, मग पहिलीचे अंडे महिनाभर आधी का आलेले असेना.

कोणाला ठेवायचे

प्रत्येक घरातल्या पहिल्या पाच कोंबड्या पुढच्या पिढीच्या आया होतील. मुख्य कसोटी अंड्यांची संख्या. नंतर दोन चाळण्या: सरासरी अंडे ४२ ग्रॅमच्या खाली असेल तर वगळा, आणि नोंदीच्या काळात दोनदा खुडूक बसलेली वगळा. खुडूकपणा रक्तातून उतरतो आणि प्रत्येक वेळी तीन आठवडे तरी खातो. मोठ्या अंड्यांच्या मागे मात्र लागू नका. वजन आणि संख्या एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. दरवर्षी सगळ्यांत मोठी अंडी निवडून उबवणाऱ्याचा कळप नकळत कमी अंड्यांकडे सरकतो.

तुलना एकाच हॅचच्या (एकाच वेळी उबवून निघालेल्या), एकाच छपराखालच्या कोंबड्यांत करायची. मार्चमध्ये जन्मलेलीची बरोबरी जुलैमधलीशी केली तर आपण हवामान निवडतो, कोंबडी निवडत नाही.

नोंद नसेल तेव्हा अंगावरच्या खुणा उपयोगी पडतात, पण फक्त रिकामी कोंबडी काढण्यापुरत्या. अंड्यावर असलेल्या कोंबडीची शेपटीखालची दोन टोकेरी हाडे मऊ असतात आणि त्यांत दोन-तीन बोटे मावतात. तिथून छातीच्या हाडापर्यंत तीन-चार बोटे. अंड्याची जागा रुंद आणि ओलसर. हाडांत जेमतेम एक बोट मावत असेल आणि जागा कोरडी, सुरकुतलेली असेल तर ती अंड्यावर नाही. पाय आणि चोचीचा पिवळा रंग उडतो का ही पुस्तकातली खूण कडकनाथला लावू नका. तिच्या काळ्या कातडीत तो दिसतच नाही. पिसांचे मात्र लक्षात ठेवा: जी उशिरा आणि भराभर पिसे टाकते ती चांगली, लवकर सुरू करून महिनोन्महिने रेंगाळते ती कमी अंड्यांची. फाटक्या पिसांची कोंबडी रोगट समजून विकली जाते आणि पुष्कळदा तीच कळपातली सर्वांत कष्टाळू असते.

कोंबडा

प्रत्येक घरातल्या सर्वांत वरच्या दोन कोंबड्यांचे मुलगे राखा, घरटी पाच-सहा. बाकीचे नर मांसाला. बारा-चौदा आठवड्यांचे झाले की ते तलंगांपासून वेगळे करा. खाण्याचा खर्च दिसतो, पण त्यांना डिसेंबरपर्यंत ठेवण्याचे कारण आहे: तोपर्यंत त्यांच्या सख्ख्या आणि सावत्र बहिणींची ४० आठवड्यांची नोंद पूर्ण होते. आईचा आकडा चांगला आणि बहिणींची सरासरीही चांगली, तो कोंबडा घ्यायचा. आईचा आकडा एकटाच मोठा असेल तर त्यात नशिबाचा भाग असू शकतो. चार बहिणींचे आकडे इतके फसवत नाहीत.

त्यानंतर अंग बघा. सरळ पाय, सरळ बोटे, स्वच्छ डोळा, दाणा दिसला की कोंबड्यांना बोलावणारा. माणसाच्या अंगावर येणारा कितीही चांगल्या आईचा असला तरी नको. घरटी दुसरा एक राखीव ठेवा.

पाच कोंबड्यांत एक तरणा कोंबडा सोडला की त्यांच्या पाठीची पिसे जातात. घरात निवडीबाहेरच्या तीन-चार कोंबड्या भरीला ठेवा, त्यांची अंडी स्वयंपाकघरात जाऊ द्या. देशी वजनाच्या पक्ष्यांत एका कोंबड्याला आठ-दहा कोंबड्या बरोबर बसतात. आधी दुसरा नर सोबत असेल तर तो काढल्यावर तीन आठवडे थांबा. कोंबडीच्या शरीरात बीज दोन-तीन आठवडे टिकते, तोवर बाप कोण हे सांगता येत नाही.

अंडी ते पिल्लू

उबवायची अंडी ४२ ते ५० ग्रॅमची, गुळगुळीत, तडा नसलेली. धुवायची नाहीत, धुतल्याने वरचे आवरण जाते आणि जंतू आत शिरतात. टोक खाली, रुंद बाजू वर, १५ ते १८ अंशांत, जास्तीत जास्त सात दिवस. फेब्रुवारीत इंदूरला घराच्या उत्तरेकडच्या खोलीत हे जवळपास जमते. एप्रिल-मेमध्ये जमत नाही. त्या उष्म्यात गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि मरतो.

१५ कोंबड्यांची आठवड्याला चार धरली तर ६० अंडी. आठवड्याच्या अंतराने दोनदा लावली की १२०, त्यातून ८० च्या आसपास पिल्ले, निम्म्या माद्या, आणि मरतूक वजा जाता ३० ते ३५ तलंगा हाती राहतात.

पंख्याच्या यंत्रात ३७.५ अंश; बिनपंख्याच्या पेटीत अंड्यांच्या वरच्या पातळीला ३८.३. आर्द्रता ५० ते ५५ टक्के, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. दिवसातून तीन ते पाच वेळा फिरवायची, अठराव्या दिवशी थांबायचे. सातव्या दिवशी अंधारात टॉर्चवर बघा. आत काहीच नाही तर अंडे फळलेले नाही, म्हणजे कोंबडा तपासा. रक्ताचे कडे दिसले तर साठवण बिघडली किंवा तापमान हलले. पिल्ले विसाव्या दिवशीच निघाली तर उष्णता जास्त, बावीस-तेवीसला गेली तर कमी. चोच मारून आतच मेली तर शेवटच्या तीन दिवसांची आर्द्रता आणि हवेची भोके बघा. वीज जाणार हे धरून इन्व्हर्टर जोडलेला असावा. यंत्र नसेल तर साध्या देशी खुडूक कोंबडीखाली १०-१२ अंडी ठेवा. कडकनाथवर उबवणीचा भरवसा ठेवू नये.

अठराव्या दिवशी प्रत्येक आईची अंडी मच्छरदाणीच्या कापडाच्या वेगळ्या पिशवीत घाला. हे एक काम चुकले तर कोण कुणाचा मुलगा हे कधीच कळणार नाही आणि वर्षभराची वही वाया जाते. पिल्ले निघताच पंखाला पट्टी किंवा पायाला कडी. पायाची कडी दर दहा दिवसांनी सैल करा, नाहीतर ती मांसात रुतते.

पहिला आठवडा ३५ अंश ऊब, मग दर आठवड्याला तीन अंश कमी. पिल्ले दिव्याखाली गोळा झाली तर थंडी, कडेला पांगून हापली तर उष्मा. लसी: सातव्या दिवशी लासोटा (मानमोडी म्हणजे राणीखेत रोगाची), चौदाव्याला गंबोरो रोगाची, अठ्ठाविसाव्याला पुन्हा लासोटा, सहा ते आठ आठवड्यांत देवी, आठ ते दहा आठवड्यांत मानमोडीची आर-टू-बी. कुप्या मोठ्या येतात आणि कालवल्यावर दोन तासांत संपवाव्या लागतात, म्हणून शेजारपाजारच्या पाळणाऱ्यांनी एक दिवस ठरवावा. महूच्या पशुचिकित्सा महाविद्यालयातून वेळापत्रक तपासून घ्या. अंगणावर जाळी हवीच: डिसेंबर २०२० च्या अखेरीस इंदूरच्या डेली कॉलेजच्या आवारात कावळे मेले ते बर्ड फ्लूनेच, आणि कावळा आपल्या खुराड्यातही उतरतो.

खाद्य आणि दिवा

पिल्लांना २० टक्के प्रथिने, तलंगांना १६, अंड्यावर आल्यावर १६ ते १८. अंड्यावरच्या १०० किलो मिश्रणाला मका ५६ किलो, सोया डीओसी (तेल काढलेली सोयापेंड) २४, भाताचा तेल काढलेला कोंडा ८, शिंपल्यांचा किंवा चुनखडीचा चुरा ९, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) दीड किलो, मीठ ४०० ग्रॅम, आणि उरलेल्या किलोभरात मेथिओनाइन व जीवनसत्त्व-खनिजांचे मिश्रण, पाकिटावर लिहिल्याप्रमाणे. माळव्यात घरचे सोयाबीन असते म्हणून कच्चे दळून घालायचा मोह होतो. तो टाळा: कच्च्या सोयाबीनमधला घटक प्रथिने पचू देत नाही, वाढ खुंटते. पावसाळ्यात बुरशी धरलेला मका कितीही स्वस्त मिळाला तरी नको. आणि अंड्यावरचे जास्त कॅल्शियमचे खाद्य पहिले अंडे दिसू लागण्याआधी देऊ नका, तलंगांचे मूत्रपिंड त्याने निकामी होते.

कोंबडीला अंड्यासाठी १४ ते १५ तास उजेड लागतो. इंदूरला डिसेंबरात दिवस पावणेअकरा तासांचा असतो. सप्टेंबरअखेरपासून पहाटे दिवा लावायला लागा आणि दर आठवड्याला अर्धा तास वाढवा. दहा बाय दहाच्या खोलीला ९ वॅटचा एक एलईडी. तिन्ही घरांत एकाच टायमरवर, एकाच वेळेला. एका घरात दिवा कमी पडला तर तिथल्या चांगल्या कोंबड्याही वहीत मागे दिसतील.

वर्षाची आखणी

१० जानेवारीला नवे कोंबडे नव्या घरांत. १ ते ७ फेब्रुवारी अंडी गोळा, ८ ला यंत्रात, १५ ला दुसरी खेप. पहिली पिल्ले १ मार्चला. उन्हाळ्याचा कहर होईपर्यंत ती दहा आठवड्यांची होतात आणि निभावतात. ऑगस्टअखेर पहिली अंडी, ६ डिसेंबरला २८० दिवस पूर्ण, मग वही घेऊन निवड, आणि पुन्हा जानेवारी. मागच्या वर्षीचे तीन कोंबडे मात्र १५ फेब्रुवारीपर्यंत विकू नका, वेगळे कोंडून ठेवा. त्या दिवशी पहिल्या खेपेची अंडी टॉर्चवर बघायची असतात; कुठल्या घरची निम्म्याहून जास्त रिकामी निघाली तर त्या घराचा राखीव नर लगेच आत जातो, आणि तोही निकामी ठरला तर जुनाच परत घ्यावा लागतो.